मदत हवी आहे: गाडीशिवाय कॉट्सवोल्ड्स, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आई-बाबा आमच्याकडे रेडिंगला येताहेत. लंडन त्यांनी मागच्या खेपेला पाहिलंय, आता कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडच्या ग्रामीण भागातली खेडी आणि बाजाराची गावं दाखवायची आहेत. मी इथे गाडी चालवत नाही आणि बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जाणकारांचा सल्ला हवाय.

मोरटन-इन-मार्शला मुक्काम करायचा विचार आहे. तिथे रेल्वे स्टेशन आहे आणि दर मंगळवारी मुख्य रस्त्यावर बाजार भरतो. बाबांची सगळी नोकरी बाजार समितीत गेली, त्यामुळे आठवडी बाजार त्यांना दाखवायचाच आहे. चिपिंग कॅम्पडेनचा 1627 सालचा दगडी मार्केट हॉलही पाहायचा आहे. लोकरीच्या व्यापारावर मोठं झालेलं ते गाव मला बोर्टन-ऑन-द-वॉटरपेक्षा जास्त खुणावतं. बोर्टनला गर्दी फार असते म्हणतात, पण आईला नदीकाठी निवांत बसायला आवडेल, म्हणून तेही ठेवलंय.

मोरटनहून बोर्टनला 801 नंबरची बस जाते. त्या बसमध्ये ज्येष्ठांना चढा-उतरायला सोपं जातं का? कॅम्पडेनला बस बरी की टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी? मोरटनजवळच मुघल धाटणीचा घुमट असलेलं सेझिनकोट हाउस आहे. तिथल्या बागेत चढ-उतार किती आहेत? आणि आई कांदा-लसूण खात नाही, तिच्यासाठी जेवणाची सोय कुठे होईल?

कुणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.