वाडीतली लाकडी शेड कशी बांधावी म्हणजे टिकेल?

वाडीवरचा:
दापोलीजवळ वाडी आहे, ग्रासकटर, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या ठेवायला दहा बाय आठची लाकडी शेड बांधायचीय. आधीच्या शेडचे खांब दीड फूट खड्ड्यात उभे करून भोवती काँक्रीट ओतलेलं, सुतार म्हणाला आता हलायचं नाव नाही, आणि खरंच हलली नाही, चौथ्या पावसाळ्यात डायरेक्ट बसली :) खांब जमिनीच्या पातळीलाच कुजलेले, वर खणखणीत. पत्र्याची करा असं सगळे सांगतात पण मे महिन्यात आत पाय ठेववत नाही. जागेत एक जुना साग आणि दोन ऐन आहेत, तेच तोडावे म्हणतोय.

जांभा:
काँक्रीटनेच घात केला. लाकूड सुकून आकसतं, फट पडते, पाणी आत उतरतं आणि त्याला बाहेर यायला वाट नाही. जुन्या घरांत खांब मातीत गाडलेला बघितलाय का कधी? तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर असतो. तुम्हीपण जांभ्याचा दीड फूट चौथरा घ्या, वाळवी त्यावरून मातीच्या नळ्या करत चढते त्या निदान दिसतात तरी, मोडता येतात. खांबाचं बूड वातीसारखं पाणी ओढतं, तेवढा भाग उभा करायच्या आधी काजूच्या टरफलांच्या तेलात ठेवा, पण हातमोजे घालून, कातडी भाजते त्याने. आणि छपराची पाखं भिंतीच्या अडीच फूट बाहेर काढा, रंगापेक्षा तेच लाकूड वाचवतं.

सुतारपक्षी:
बाकी पटलं पण तळखडा नको. जुन्या घराला कौलांचं, माळ्याचं वजन असायचं, या एवढ्याशा शेडला कसलं वजन? त्यात पाखं अडीच फूट, म्हणजे वारा खालून उचलणारच. २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे छपरं उडाली, खांब तसेच उभे. चौथऱ्यात बोल्ट पुरून त्यावर लोखंडी शूज, म्हणजे खांबाचं बूड धरणारे खोबणे बसवा, बूड दोन इंच वर राहील असं, आणि वासे नुसत्या खिळ्यांवर न ठेवता पट्टीने आवळा. सागाचंही कौतुक जरा बेतानेच, गाभा टिकतो, कडेचा पांढरा भाग किडा खातोच.

गुहागरकर:
तोडायच्या आधी थांबा! साग, ऐन, किंजळ, फणस सगळे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, झाड सातबाऱ्यातलं असलं तरी परवानगी लागते. किडीसाठी बोरॅक्स लावणार असाल तर आतल्या लाकडालाच, बाहेर पावसात धुऊन जातं. पश्चिमेला पावसाळाभर माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधा.

वाडीवरचा:
बरं झालं विचारलं, साग राहू दे उभा, जुन्या घराचं लाकूड बघतो. शूज वेल्डरकडून करून घेतले तर चालतील का?

सुतारपक्षी:
चालतील की. फक्त वेल्डिंग, भोकं सगळं उरकलं की मग जस्त चढवा, उलटं केलंत तर भोकापासूनच गंज धरेल.