इंग्रजी पक्कं करायला जुन्या डिटेक्टिव्ह कथा : खरा उपयोग की नुसती हौस?

नौपाड्याची नंदा (धागा)

घरात वाद पेटलाय, म्हणून इथे टाकते. भाची बारावी झाली, सेमी-इंग्लिशवाली. मार्क चांगले आहेत, पण इंग्रजीत एक परिच्छेद लिहायचा म्हटलं की प्रत्येक वाक्य वेगळ्या काळात. भाऊ म्हणतो स्टेशनाजवळचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू. मी म्हणते, आधी तिच्या हातात शेरलॉक होम्स द्या.

व्याकरणाच्या पुस्तकात पास्ट परफेक्ट हा एक धडा असतो. रिकाम्या जागा भरायच्या आणि विसरायचं. डिटेक्टिव्ह कथेत तो काळ काढला तर गोष्टच कोसळते. प्रेत सकाळी सापडलं, रात्री कुणीतरी येऊन गेलं होतं, त्याच्याही आधी खिडकीची कडी काढून ठेवली होती. आधी काय झालं आणि मग काय, यावरच तर सगळं रहस्य. मस्ट हॅव, माइट हॅव, कान्ट हॅव यांचंही तेच. 'तो खिडकीतून आला असणार' आणि 'आला असेल' या दोन वाक्यांमध्ये एखादा माणूस फासावर जातो किंवा सुटतो. असं वाक्य मुलगी वरवर वाचून पुढे जाणारच नाही.

शिवाय होम्सच्या बहुतेक गोष्टींत एकच घटना तीनदा येते. आधी अशील बेकर स्ट्रीटवर होम्सकडे येऊन आपली हकिकत सांगतो, मग होम्स जागेवर जाऊन तीच तपासतो, आणि शेवटी आपल्या मित्राला, वॉटसनला, सगळं उलगडून सांगतो. तेच शब्द, तेच प्रसंग, पण दर वेळी काळ आणि प्रयोग बदललेले. अशी उजळणी कोणता क्लास करून घेतो?

होम्सच्या पहिल्या कादंबरीत, १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये, वॉटसन सुरुवातीलाच कुठे उतरतो माहितीये? आपल्या मुंबईत. 'ऑन लँडिंग ॲट बॉम्बे, आय लर्न्ड दॅट माय कोअर हॅड ॲडव्हान्स्ड थ्रू द पासेस.' हा उतरला तेव्हा त्याची पलटण आधीच खिंडी ओलांडून पुढे गेली होती. पास्ट परफेक्टचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

बोला आता.

ऐरोली नाइटशिफ्ट

नंदाताई, राग मानू नका, पण हे सगळं ज्यांना इंग्रजी आधीच येतं त्यांचं कौतुक आहे.

मी ऐरोलीत कॉल सेंटरमध्ये व्हॉइस प्रोसेसला आहे. नवीन पोरं येतात ती कळवा, दिघा, घणसोलीची, बहुतेक मराठी माध्यमाची. त्यांची अडचण पास्ट परफेक्ट नसते. समोरून गोरा भरभर बोलायला लागला की त्यांचं तोंड उघडत नाही, ही अडचण असते. त्यांना 'प्रे बी सीटेड' शिकवू? कॉलवर कुणी तसं बोललं तर क्वालिटीवाला रेकॉर्डिंग सगळ्या फ्लोअरला ऐकवेल. होम्सचा लेखक डॉयल, त्याच्या गोष्टीत पाना-पानावर हॅन्सम, ब्रूम, डॉग-कार्ट असल्या घोडागाड्या आहेत. विचित्र म्हणायचं असेल तिथे 'सिंग्युलर'. आणि वॉटसन मध्येच काही उद्गारला की त्यासाठी जे क्रियापद येतं, ते आज ऑफिसात वापरलंत तर एचआर केबिनमध्ये बोलावेल.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची भाषा आहे ती. एखाद्याला मराठी शिकायचं असेल तर आपण त्याच्या हातात बखर देतो का?

टिकूजिनीवाडी

ऐरोलीशी सहमत. +१

नौपाड्याची नंदा

बखर काहीच्या काही! डॉयलच्या वाक्याची बांधणी आजचीच आहे. जुनी आहेत ती नामं, आणि तीही बहुतेक गाड्यांची, कपड्यांची आणि दिव्यांची. हॅन्सम म्हणजे भाड्याची घोडागाडी, एवढं एकदा कळलं की संपलं. क्रियापदं, शब्दयोगी अव्ययं, हॅव-हॅड, इफ-वुड, सगळं तेच. आणि तुमच्या पोरांना जे कस्टमरकडून वदवून घ्यायचं असतं, कधी झालं, त्याआधी काय केलं होतं, तेव्हा घरी कोण होतं, तेच होम्स अशिलाला विचारत असतो. नीट बघा, अख्खा सपोर्ट कॉल आहे तो.

ऐरोली नाइटशिफ्ट

होम्सचा कस्टमर शिव्या देत नाही, एवढाच फरक :)

सानपाड्याचे सर

आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं, तेही पालिकेच्या शाळेत, म्हणून थोडं बोलतो. तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या मुलांविषयी बोलताय.

पॉल नेशन नावाचे न्यूझीलंडचे अभ्यासक आहेत. त्यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुळं यावी लागतात. शब्दकुळ म्हणजे एका मूळ शब्दाचा गोतावळा. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, त्याआधी पाचवीपासून होतं. पहिलीपासून शिकलेल्या मुलांचाही मूळ डॉयल उघडला की दुसऱ्या पानावर धीर सुटतो, हे मी वर्गात पाहिलंय. त्यात त्यांचा आळस नसतो. दर ओळीला दोन अनोळखी शब्द आले तर तुम्हीआम्हीही पुस्तक मिटू.

म्हणून पायऱ्या हव्यात. ऑक्सफर्ड बुकवर्म्स मालिकेत होम्सच्या कथा दुसऱ्या पायरीवर, साधारण ७०० मूळ शब्दांत मिळतात. 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' चौथ्या पायरीवर आहे, तिथे १,४०० शब्द. तिथून मूळ पुस्तकाकडे जायचं. आणि एकदा लेखक धरला की सोडायचा नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन याला नॅरो रीडिंग म्हणतात : एकाच लेखकाचं, एकाच प्रकारचं पुष्कळ वाचायचं, म्हणजे तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. होम्सच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या आहेत. याहून मोठं कुरण कुठलं?

जाता जाता : नंदाताईंच्या वाक्यातला 'कोअर' बरोबर आहे. छापील 'corps' बघून पोरं त्याला 'कॉर्प्स' म्हणजे प्रेत करून टाकतात.

कोपरीकर काका

सर, उत्तम. पण एक राहिलंच. आधी मराठीत वाचा! आम्ही बाबुराव अर्नाळकरांवर वाढलो. झुंजार, काळापहाड. रात्री कंदिलाशी पुस्तक धरलं की आई ओरडायची. ती चटक लागली नसती तर पुढे इंग्रजी होम्सकडे कोण वळलं असतं? भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणलाय. ती गोष्ट आधी मराठीत वाचायची, मग तीच इंग्रजीत. कथानक ठाऊक असलं की अनोळखी शब्दाचा अर्थ आपसूक लागतो, डिक्शनरी लागत नाही.

आणि एक गंमत. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. त्याच वर्षी डिसेंबरात डॉयलने होम्सला रायशनबाखच्या धबधब्यात लोटला. ठाणेकरांची वाचायची सोय झाली आणि याने हिरोच मारला!

खारघर टेकडी

काका, आधी मराठीत वाचलं तर खुनी कोण ते कळलं की. मग इंग्रजीत का वाचायचं? धाग्याचा सगळा डोलारा उत्कंठेवर उभा आहे आणि तुम्ही तीच काढून घेताय.

खरं तर माझा आक्षेप त्या उत्कंठेवरच आहे. रहस्यकथा वाचताना माणूस पळतो. शब्द अडला तर थांबत नाही, शेवट गाठायचा असतो. मी अगाथा क्रिस्टीच्या कादंबऱ्या लोकलमध्ये फडशा पाडल्यासारख्या वाचल्या. माझी शब्दसंपत्ती त्यातून किती वाढली म्हणाल, तर विषांची नावं पाठ झाली.

दुसरं. 'द साइन ऑफ फोर' (१८९०) मधला अंदमानचा टोंगा आठवा. तिथल्या माणसांना जगातले सगळ्यात बुटके, जन्मतःच कुरूप, नरभक्षक वगैरे ठरवणारा उतारा होम्स एका गॅझेटियरमधून वाचून दाखवतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला भाषेबरोबर हेही शिकवायचं का?

नौपाड्याची नंदा

टोंगाचं म्हणणं मान्य. ती कादंबरी तिला एकटीला देणार नाही, शेजारी बसून वाचेन. पण तिने ती वाचावी असंच मला वाटतं. साहेब आपल्याकडे कोणत्या नजरेने बघत होता ते साहेबाच्याच भाषेत कळलेलं बरं.

पळण्याबद्दल म्हणाल, तर पहिल्यांदा पळूच द्या. चांगली डिटेक्टिव्ह कथा दुसऱ्यांदा वाचायलाच असते. खुनी माहीत झाल्यावर आपण मागे जाऊन बघतो, लेखकाने आपल्याला फसवलं कुठे? आणि फसवलेलं असतं ते एखाद्या वाक्यात, एखाद्या वगळलेल्या कर्त्यात. 'दार उघडलं गेलं' असं पॅसिव्हमध्ये लिहिलं की उघडलं कुणी हे सांगावं लागत नाही. क्रिस्टीची १९२६ ची 'रॉजर ॲक्रॉइड' वाचलेल्यांना कळलं असेल मी काय म्हणते ते. न वाचलेल्यांसाठी गप्प बसते.

टिकूजिनीवाडी

शेवट फोडलात तर आयडी ब्लॉक करेन. पुढच्या महिन्यात वाचणार आहे.

बेलापूरचा बोका

मी क्रिस्टीच्या बाजूने. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, घोडागाड्या कमी. डॉयलपेक्षा कितीतरी सोपी. कुणाकडे पीडीएफ असतील तर टाका.

सानपाड्याचे सर

पीडीएफ इथे मागू नका. क्रिस्टीबाई १९७६ मध्ये गेल्या, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबा किंवा विकत घ्या. डॉयल १९३० मध्ये वारला, त्याची पुस्तकं भारतात कधीच मोकळी झालीत. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर राजरोस उतरवता येतात आणि लिब्रिवॉक्सवर फुकट ऐकताही येतात. ऐरोलीकर, तुमच्या पोरांचा कान तयार व्हायला ते चालेल.

क्रिस्टी सोपी, हे खरं. पण तिचा डिटेक्टिव्ह प्वारो बोलायला लागला की सांभाळा. त्याची इंग्रजी मुद्दाम मोडकी लिहिलेली आहे, अर्धी फ्रेंच वळणाची. ती पोरांनी नमुना म्हणून घेतली तर पेपरात लाल शाई.

ऐरोली नाइटशिफ्ट

बघा! म्हणजे होम्स जुनाट, प्वारो मोडका. उरलं काय?

बेलापूरचा बोका

प्वारोचीच तर मजा आहे. 'थ्री ॲक्ट ट्रॅजेडी'त तो स्वतः सांगतो की मला अस्सल इंग्रजी येतं, पण मोडकं बोलणं हे मोठं भांडवल आहे. लोक तुच्छ लेखतात, गाफील राहतात आणि बोलून बसतात. आपल्या पोरांना क्लासपेक्षा हे एक पान वाचायला द्या. समोरचा हसेल म्हणून गप्प बसणाऱ्याला एवढा धीर दुसरं कोण देणार?

खारघर टेकडी

प्वारोला तो धीर परवडतो. त्याला अप्रेझल नसतं.

कोपरीकर काका

'अ स्कँडल इन बोहेमिया'त होम्सकडे निनावी चिठ्ठी येते. त्यात एक वाक्य असतं, 'धिस अकाउंट ऑफ यू वी हॅव फ्रॉम ऑल क्वार्टर्स रिसीव्ह्ड.' क्रियापद पार शेवटी. होम्स लगेच ओळखतो की लिहिणारा जर्मन. मी म्हणतो, कशावरून? आमच्या कोपरीचाही असू शकला असता! आपलंही क्रियापद शेवटीच येतं. हे वाक्य फळ्यावर लिहून पोरांना दुरुस्त करायला सांगा, शब्दक्रमाचा धडा तिथेच होतो.

सानपाड्याचे सर

काका, हे घेतलं. नंदाताईंच्या भाचीलाही हेच पहिलं द्या.

ऐरोली नाइटशिफ्ट

अहो पण व्यवहाराचं बोला. वाचून बोलता येतं का? माझा एक मित्र अनोळखी शब्द वहीत उतरवत होम्स वाचत होता. वह्या भरल्या, इंटरव्ह्यूत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला घाम फुटला.

नौपाड्याची नंदा

तुमचा मित्र म्हणजे 'द रेड-हेडेड लीग'मधला जबेझ विल्सन. रोज दहा ते दोन बसून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका उतरवून काढतो. आठ आठवडे घासूनही 'ए'च्या पुढे जात नाही, आणि तेवढ्यात त्याच्याच दुकानाच्या तळघरातून भलतंच काम चाललेलं असतं. शब्दांच्या वह्या करू नका, हे डॉयलनेच सांगून ठेवलंय म्हणा ना.

टिकूजिनीवाडी

खिक्! वाचनखूण साठवली.

सानपाड्याचे सर

वहीऐवजी मी एक प्रकार करून घ्यायचो. 'द ब्लू कार्बंकल' घ्यायची. त्यात खून नाही, नाताळचा हंस आहे, आणि होम्स एका जुन्या टोपीवरून मालकाची सगळी कुंडली मांडतो. टोपीवर मेणबत्तीचे डाग, म्हणजे घरी गॅसचा दिवा नाही. टोपी ब्रश केलेली नाही, म्हणजे बायकोचं प्रेम आटलं. ते पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि शेजाऱ्याची चप्पल किंवा दप्तर समोर ठेवून मुलाने तसंच बोलायचं : ही मस्ट हॅव, शी कान्ट हॅव, ही युज्ड टू. चुकलं तरी चालेल. मग एकाने साक्षीदार व्हायचं, दुसऱ्याने पोलीस, तिसऱ्याने साक्षीदार काय म्हणाला ते इन्स्पेक्टरला सांगायचं. रिपोर्टेड स्पीच आपोआप येते. एरवी तोंड न उघडणारी पोरं दुसऱ्यावर आळ घ्यायचा म्हटलं की उत्साहाने बोलतात.

ऐरोली नाइटशिफ्ट

सर, हे चालेल. आमच्या ट्रेनिंग रूममध्ये कुणाची तरी टिफिन बॅग ठेवून बघतो. पण हे वाचन नाही, हा बोलायचा क्लासच झाला. म्हणजे नंदाताईंचा भाऊ जिंकला.

नौपाड्याची नंदा

क्लासवाला फी घेतो आणि ब्लू कार्बंकल देत नाही. भाऊ हरलाच आहे. शनिवारी भाचीला घेऊन जाऊन बुकवर्म्सचा होम्स आणतेय. काका, भालबांचं पुस्तक तुमच्याकडे असेल तर द्याल का? त्याच दिवशी कोपरीत येऊन घेऊन जाईन.

कोपरीकर काका

या की. पण त्या मुलीलाही आणा, आणि माझ्या चपलांवरून काही अनुमान काढायचं नाही.