मदत हवी आहे: पाझर तलावाच्या भरावातून पाणी येतंय, खाली अकरा घरं आहेत

नमस्कार. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव आहे. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. शिक्षण बारावीपर्यंत झालंय, धरणाच्या कामातलं मला कळत नाही, म्हणून इथे विचारते.

गावाच्या वरच्या अंगाला मातीचा पाझर तलाव आहे. १९७२च्या दुष्काळातलं काम. माझ्या सासूबाई या भरावावर माती वाहायला होत्या, सुकडी खाऊन दिवस काढले असं सांगतात. भराव साधारण २४० मीटर लांब आणि ओढ्याच्या तळापासून ९ मीटर उंच. त्याला दार नाही, पाटचारी नाही, पाणी फक्त मुरतं. पण त्याच्याच जिवावर ओढ्याकाठच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी असतं. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि जनावरांना हेच पाणी. त्यामुळे तळं फोडून मोकळं करा असा सल्ला कृपया देऊ नका.

यंदा भाद्रपदात पाऊस लागून राहिला आणि तळं तुडुंब भरलं. तेव्हापासून भरावाच्या मागच्या, म्हणजे गावाकडच्या उतारावर पुरुषभर उंचीपर्यंत ओल चढली आहे, आणि खाली पायथ्याला एका जागी अंगठ्याएवढी धार लागली आहे. उतारावर वेडी बाभूळ माजलीय, माथ्यावर एक जुना लिंब आहे, खेकड्यांची आणि घुशींची बिळं तर जागोजाग. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मासेमारीच्या ठेकेदाराने सांडव्यात, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेत, जाळी बांधली आहे, आणि पाणी जरा जास्त साठावं म्हणून आमच्याच लोकांनी तिथे हातभर उंच दगडगोण्या रचल्या आहेत. उन्हाळ्यात गाळ काढला तेव्हा पोकलेन आतल्या बाजूने भरावाच्या पार बुडापर्यंत गेलं होतं. तेव्हा शेतात गाळ पडतोय याच आनंदात सगळे होतो, मीसुद्धा.

तालुक्याला दोन कार्यालयांत जाऊन आले. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, आणि दुसरीकडे ऐकायला मिळालं, "बाई, पाझर तलाव आहे, पाझरणारच." यावर मला उत्तर सुचलं नाही. खरंच, पाझरण्यासाठीच बांधलेल्या तळ्याचा कोणता पाझर चांगला आणि कोणता वाईट, हे ओळखायचं कसं? भरावाखाली अकरा घरं आहेत. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीची तक्रार तिथल्या लोकांनीही आधी केली होती. मला रात्री झोप येत नाही.

प्रतिसाद (गावाकडचा माणूस)

ताई, आमच्याकडे असंच झालं होतं. जिथून पाणी येतंय तिथे चार ट्रॉल्या काळी माती टाका आणि ट्रॅक्टरने दाबून घ्या. बंद होतं.

प्रतिसाद (निवृत्त शाखा अभियंता)

ताई, हे आधी वाचा आणि माती टाकायला कोणी निघालं असेल तर थांबवा. मागच्या बाजूने काळ्या मातीने तोंड बुजवलं की पाण्याला वाट राहत नाही, दाब आत वाढतो आणि ते दुसरीकडून जास्त जोराने फुटतं. चिकणमातीची जागा भरावाच्या गाभ्यात किंवा तळ्याच्या बाजूला. मागच्या बाजूला पाणी जाऊ द्यायचं, माती जाऊ द्यायची नाही. त्यासाठी धारेवर आधी स्वच्छ जाडी वाळू वीतभर, तिच्यावर बारीक खडी, त्यावर जाड खडी आणि वरून दगड, असा उलटा थर द्यायचा. पसाराही धारेच्या चारी बाजूंनी हातभर पुढे असू द्या. वाळूतून पाणी निथळतं आणि मातीचा कण मागे अडतो.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो फार योग्य आहे. पाझर तलावाने तळातून मुरावं, मुरमातून, खडकाच्या भेगांतून, आणि तुमच्या विहिरींत उगवावं. त्याने भरावातून पाझरावं असं कोणत्याही नकाशात लिहिलेलं नसतं. भरावातून निघणारं पाणी मातीचे कण घेऊन निघालं की आत नळी तयार होते. ती मागच्या तोंडापासून सुरू होते आणि उलटी तळ्याकडे सरकत जाते. तळ्याला भिडली की मग हातात फार तर काही तास असतात.

म्हणून आजपासून रोज एकाच वेळी दोन गोष्टी करा. धारेखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहा. आणि तेच पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी बुडाशी गाळ नसेल आणि वेळ तेवढाच राहिला तर धीर धरायला वाव आहे. पाणी गढूळ झालं, किंवा तळ्याची पातळी उतरत असूनही धार वाढली, तर त्याच क्षणी घरं रिकामी करा. कुणाच्या पत्राची वाट पाहू नका.

मला धारेपेक्षा उतारावरच्या ओलीची जास्त काळजी वाटते. पुरुषभर उंचीवर ओल फुटली म्हणजे भरावाचा मागचा भाग आतून भिजलेला आहे आणि तो घसरू शकतो. माथ्यावर धनुष्यासारखी वाकलेली भेग पडलीय का, पायथ्याला जमीन फुगलीय का, हे पाहा. माथ्यावर आडवी, म्हणजे तळ्याकडून गावाकडे जाणारी भेग दिसली तर ती सर्वांत वाईट.

सांडव्यातल्या गोण्या काढायलाच हव्यात. मातीच्या भरावाला एक गोष्ट कधीच सोसत नाही, ती म्हणजे माथ्यावरून पाणी जाणं. सांडव्याच्या तळापासून माथ्यापर्यंतचं अंतर पुरासाठी राखून ठेवलेलं असतं. हातभर गोण्या रचल्या म्हणजे त्यातला हातभर आपणच खाल्ला, आणि जाळीत पालापाचोळा अडकला की उरलेलंही गेलं. मात्र एका दमात काढू नका, खाली लोंढा जाईल. दिवसाउजेडी, ओढ्यात कुणी नाही हे पाहून, दोन-तीन दिवसांत थोड्या थोड्या काढा. पातळी आणखी उतरवायची तर भरावावरून पाइप टाकून वक्रनलिकेने (सायफनने) पाणी काढता येईल, पण दिवसाला वीतभरापेक्षा जास्त नको. पाणी झपाट्याने उतरलं तर आतला ओला उतार ढासळतो, आणि तुमच्याकडे तिथे बुडाशीच खोदलेलं आहे. भरावाला चर मारायचा विचारही करू नका.

राहिलं कार्यालयाचं. धरण सुरक्षा कायदा २०२१चा आहे, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. तुमचं ९ मीटरचं त्यात बसत नाही. गावोगावची अशी हजारो तळी या कायद्याबाहेर आहेत आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण खालच्या घरात झोपलेल्या माणसाला ९ मीटर काही कमी नसतात. पण मालक नाही असं नाही. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामं साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. लेखी अर्ज द्या, वहीतल्या मोजमापाची प्रत आणि फोटो जोडा, तहसीलदारांना प्रत द्या आणि प्रत्येक कागदावर पोच घ्या.

प्रतिसाद (पुण्याहून)

काकांनी सगळं सांगितलं आहे, मी फक्त रात्रीबद्दल बोलतो. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेही मातीचंच. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते तग धरवलं, म्हणून ते पहाटेच्या अंधाराऐवजी उजाडल्यावर फुटलं. माझे आजोबा तेव्हा नारायण पेठेत राहत होते, ते म्हणायचे की उजेड होता म्हणून आम्ही पळालो. तुमच्या अकरा घरांनी कुठल्या उंचवट्यावर जायचं हे आत्ताच ठरवा, म्हाताऱ्यांना कोण उचलणार हेही ठरवा. रात्रीच्या राखणीला दोघं ठेवा, बॅटरी आणि देवळातला भोंगा तयार असू द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर प्रत्येक घराच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

धागाकर्ती

काका, काळ्या मातीच्या दोन ट्रॉल्या भरावाखाली येऊन उभ्या होत्या. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा परत गेल्या. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

सांडव्यावरून भांडण झालं. गोण्या काढल्या तर उन्हाळ्यात विहिरी आटतील असं वरच्या आळीचं म्हणणं, आणि त्यांचं भय खोटं नाही. शेवटी सासूबाई बोलल्या, "हे तळं मी डोक्यावर वाहिलंय, मला विचारा." मग तीन दिवसांत गोण्या काढल्या, जाळीही काढून टाकली. वाळू आणि खडीचा थर तुम्ही सांगितला तसा दिला. १५ लिटरची बादली पहिल्या दिवशी ४० सेकंदांत भरली, आज सहाव्या दिवशी ५५ सेकंद लागले. बरणीच्या बुडाशी काही नाही. उतारावरची ओल थोडी उतरली आहे. माथ्यावर भेग नाही. अर्जाची पोच मिळाली, अजून पाहायला कुणी आलेलं नाही. राखण चालू आहे.

झाडांचं काय करू?

प्रतिसाद (निवृत्त शाखा अभियंता)

ताई, वाचून जीव भांड्यात पडला, पण मोजणी थांबवू नका. बाभळी आता जमिनीलगत छाटा, मुळं उपटू नका, तळं भरलेलं असताना भराव मोकळा होईल. लिंब मात्र उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर मुळासकट काढावा लागेल. नुसता तोडला तर मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. खड्डा भरताना भरावासारखीच माती घ्या, वीत-वीतभर थर, पाणी मारून धुम्मसने ठोकलेला. बिळंही तेव्हाच खोदून अशीच भरा. आणि पोकलेनने केलेला आतला खड्डा अभियंत्याच्या देखरेखीखालीच भरून घ्या.

धागाकर्ती

काका, बाभळीला कुणाची हरकत नाही. पण लिंबाच्या बुडाशी म्हसोबा आहे. दर आखाडात गाव तिथे नारळ फोडतं, त्या झाडाला कुऱ्हाड लावायला एकही माणूस तयार होणार नाही. होळीपर्यंत वेळ आहे. कुणाच्या गावात तळ्याच्या भरावावरचा देव हलवला असेल तर कसा हलवला, आधी कुणाला विचारलं, नवी जागा कुठे दिली, ते कृपया सविस्तर सांगा.