'द इमिग्रंट' बघून आठवलेलं, तुमचेही अनुभव लिहा

चिंचगूळ
काल पोरं झोपल्यावर 'द इमिग्रंट' (2013) बघितला. 1921 साल, पोलंडच्या दोघी बहिणी एलिस आयलंडला (न्यूयॉर्कजवळचं, बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणीचं ठाणं) उतरतात, एकीला क्षय म्हणून अडकवतात, दुसरीला सांगतात मावशीचा पत्ता खोटा, एकट्या बाईला आत सोडत नाही, वर बोटीवरच्या वागण्यावरून चारित्र्यावर शेरा. मग वाकीन फिनिक्स येतो 'मदतीला'. त्या दुसरीचं काम करणाऱ्या मारियों कोतियारचा चेहरा बघून मला माझं एच-4 (नवऱ्याच्या मागून अमेरिकेला जायचा व्हिसा) आठवलं. त्या बाजूच्या खोलीत बसवलेलं, नवरा कुठे राहतो, लग्नाचे फोटो कुठेत, आणि साहेबाने गोड्या मसाल्याची पुडी फोडून आत बोट घातलं आणि जे शिंकायला लागला ना!! हसायची पण चोरी. तुम्हाला कुणी अडवलं, कुणी मदत केली, लिहा गं.

पायमोजा
शिंकला 😂😂 बरं झालं मेल्याचं

तिखटमीठ
एलिस आयलंडचं म्युझियम बघितलंय. डॉक्टर आलेल्या लोकांच्या कोटावर खडूने अक्षर काढायचे, एच म्हणजे हृदय, ई म्हणजे डोळे, एक्स म्हणजे डोकं ठिकाणावर नाही. पापणी उलटायला बुटाची बटणं लावायचा आकडा!! काही जण म्हणे कोट उलटा घालून सटकले. आमचे हे मात्र पूर्णवेळ फेरीची रांग केवढी यावरच बोलत होते.

वॉर्डनंबर७
नर्स आहे, ड्युटीवरून टाइपतेय. यूकेच्या व्हिसासाठी क्षयाचा एक्स-रे लागतो, माझ्यात लहानपणचा डाग दिसला. मग थुंकी द्या, कल्चरचा रिपोर्ट यायला दोन महिने. क्षय नव्हताच, पण तोवर आमच्या गल्लीत सगळ्यांना कळलं, शेजारची काकू कप वेगळा ठेवायला लागली. तिकडे गोऱ्यांनी काही नाही केलं, इकडेच जास्त.

चिंचगूळ
@वॉर्डनंबर७ अगं बाई. तो कप फोडायचास की.

जुनापेटारा
1921 ला आपली एखादी कष्टकरी बाई गेली असती तर दारातूनच परत, 1917 च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियातल्या मजुरांना बंदी होती. आनंदीबाई जोशी 1883 ला गेल्या तेव्हा एलिस आयलंडचं ठाणंच नव्हतं, ते 1892 चं.

नदीकाठची
सिनेमा संथ आहे हो, मी दोनदा झोपले. पण मावशीचा नवराच भाचीला पोलिसांच्या हवाली करतो तिथे उठून बसले. आम्ही दुबईला नवीन होतो तेव्हा सासरच्या एका नातलगांनी 'आठ दिवस राहा' म्हणून तिसऱ्या दिवशी जागेचं भाडं सांगितलं, आणि मी त्यांच्याकडे भांडीही घासत होते! परके बरे. बाजूच्या मल्याळी बाईने गॅस, तांदूळ, सगळं दिलं, भाषा एकमेकींची शून्य.

मांडवीतीर
माझी आजी गोव्याहून लग्न होऊन मोंबासाला गेली, बोटीने. नवरा फक्त फोटोत बघितलेला, धक्क्यावर उतरली तर फोटोतल्यापेक्षा केस बरेच कमी. मरेपर्यंत त्यालाच ऐकवायची.

पायमोजा
आजी रॉक्स
शेवट दुःखी आहे का? दुःखी असेल तर नाही बघणार, आधीच घरात सासूबाई आल्यात

तिखटमीठ
@पायमोजा सांगत नाही, बघ. सासूबाईंसोबत नको, त्यात धंद्याचे सीन आहेत.
अवांतर: न्यू जर्सीत ज्वारीचं ताजं पीठ कुठे मिळतं? पाकिटातल्याची भाकरी थापताना फाटतेच.

नदीकाठची
उकळत्या पाण्यात उकड काढ आधी, मग जुनं पीठही चालतं.