‘सरकारी’ फोटो प्रताधिकारमुक्त असतो का?

प्रश्न : ग्रंथालयाच्या स्मरणिकेत दोन फोटो घेतोय. एक नासाचा, अपोलो १७ मधून डिसेंबर १९७२ मध्ये टिपलेली अख्खी निळी पृथ्वी. दुसरा पानशेत फुटलं तेव्हाचा, १९६१ मध्येच छापलेल्या एका सरकारी पुस्तिकेतला. दोन्ही सरकारी, म्हणून मी खाली ‘प्रताधिकारमुक्त’, म्हणजे कॉपीराइट नसलेला, असं लिहिलं. मुद्रितं तपासणारे काका म्हणतात, शब्द चुकला. खरंच?

उत्तर : ताई, शब्द ठीक आहे, चुकलंय ते त्याआधीचं ‘म्हणून’. आपल्या बोलण्यात सरकारी म्हणजे बिनधन्याचं. कायद्यात मात्र सरकार चांगला धनी असतो. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे सरकारनं काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सरकारच. मुदत प्रसिद्धीच्या पुढल्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. म्हणजे तुमचा पानशेतचा फोटो २०२१ संपेपर्यंत बांधलेला होता, आता सुटला. त्याला ‘मुक्त’ शोभतं.

नासाचं वेगळं. अमेरिकेच्या संघ सरकारच्या नोकरानं नोकरीचं काम म्हणून काढलेल्या फोटोला तिथल्या कायद्यात प्रताधिकार लागतच नाही. जे कधी बांधलंच नव्हतं ते मुक्त कसं होणार? मी ‘प्रताधिकारविरहित’ म्हणेन. जरा जड आहे, कबूल.

आणखी एक उत्तर : प्रताधिकाराऐवजी ‘स्वामित्वहक्क’ काय वाईट? जुन्या पुस्तकांवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असायचं, तेही सगळ्यांना कळायचं.

उत्तर : कळायचं, पण स्वामित्व म्हटलं की स्वामित्वधन, म्हणजे सरकारला भरायची रॉयल्टी, आणि त्यावरून आमच्या तालुक्यात वाळू आणि मुरूमच आठवतात. प्रताधिकारात प्रत आहे : प्रती काढायचा अधिकार. भानगड नेमकी तेवढ्याचीच आहे. आणि तो संपला म्हणजे फोटो मोकाट सुटला असंही नाही. शिवाजी महाराजांचं किंवा पंतप्रधानांचं चित्र धंद्यासाठी वापरायचं तर १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते, मग तो फोटो कुणीही आणि कधीही काढलेला असो. नासाचा फोटो छापा, पण त्यांचं बोधचिन्ह जाहिरातीत डकवू नका. अशा वेळी ‘प्रताधिकार नाही, वापरावर बंधन आहे’ असं सरळ दोन तुकड्यांत लिहावं. एका शब्दात कोंबायला गेलं की घोळ होतो.

प्रश्नकर्ती : मग ‘सौजन्य : नासा’ लिहू?

उत्तर : सौजन्य म्हणजे त्यांनी देऊ केलं. तुम्ही तर आपणच उतरवून घेतलंत. ‘छायाचित्र : नासा, अपोलो १७, १९७२’ एवढं पुरे. पानशेतच्या खाली पुस्तिकेचं नाव आणि साल टाका. हक्क शिल्लक असता तर सौजन्याच्या ओळीनं परवानगीचं काम भागलं नसतं, हे काकांनाही सांगा.

प्रश्नकर्ती : काका ‘साभार’ सुचवताहेत.

उत्तर : नको हो. साभार म्हटलं की मला संपादकांकडून परत आलेल्या कविताच आठवतात.