इन-ऑर्डरचा नियम सैल केला तर त्याची किंमत कोण मोजणार?

मांडवीचा मुक्काम, रात्री ९:४०

परवा आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. मुद्दा असा, की व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनमधला ड्रायव्हर आणि होस्टने पुरवलेलं डिव्हाइस यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं मानक) १.१ मध्ये, म्हणजे २०१९ साली आलेला इन-ऑर्डरचा नियम फार ताठ आहे, तो सैल करावा. डिव्हाइसने बफर (ड्रायव्हरने डेटासाठी दिलेले मेमरीचे तुकडे) 'शक्यतो' आले त्या क्रमाने परत द्यावेत. एखादा अडकला तर त्याला मागे ठेवून पुढचे द्यायची मुभा असावी. शेवटी लिहिलं होतं, 'ड्रायव्हरला काय फरक पडतो?' मी सात वर्षं ड्रायव्हरच लिहितोय. फरक पडतो, आणि तो सगळा ड्रायव्हरलाच पडतो.

मुळात हा नियम कुणावर लादलेला नाही. तो फीचर बिट ३५ आहे, म्हणजे सुरुवातीला डिव्हाइसने दाखवायची आणि ड्रायव्हरने हवी तर घ्यायची एक खूण. ज्या डिव्हाइसला क्रम झेपत नाही त्याने तो बिट दाखवू नये. दाखवला, ड्रायव्हरने घेतला, की तो दिलेला शब्द झाला.

त्या शब्दावर काय काय उभं आहे ते बघा. क्रमाची खात्री नसेल तर प्रत्येक डिस्क्रिप्टर (बफर कुठे आणि किती मोठा हे सांगणारी नोंद) साखळीच्या डोक्याशी नोंद ठेवायची, मोकळ्या डिस्क्रिप्टरांची यादी सांभाळायची, आणि यूज्ड रिंगमधली (डिव्हाइस वापरून झालेले बफर जिथे लिहितं त्या गोल यादीतली) एकेक नोंद उघडून हा कुठला बफर ते शोधायचं. क्रम पक्का असेल तर ती यादीच लागत नाही, रिंग गोल फिरत राहते. शिवाय डिव्हाइस ३२ बफर संपवून फक्त शेवटच्या बफरची एक नोंद लिहू शकतं. एक नोंद ८ बाइटची, बफरचा आयडी आणि लांबी. ३२ नोंदी म्हणजे २५६ बाइट, निदान चार कॅशलाइनी (सीपीयू एका वेळी आणतो ते ६४ बाइटचे तुकडे), आणि त्या एका कोअरवरून दुसऱ्या कोअरवर ओढून आणायच्या. त्याच्या जागी एकच नोंद.

दांडिया बाजारातल्या लग्नाच्या पंगती आठवा. वाढपी कितव्या पानापर्यंत पोचला एवढं पाहिलं की मागच्या सगळ्यांना वाढून झालं हे कळायचं. आता वाढप्याला मधलं पान सोडायची मुभा दिली, तर मला दरवेळी सगळी पंगत फिरून बघायला हवी. त्याने हजारातून एकदाच पान सोडलं तरीही. 'बहुतेक वेळा क्रमाने' हे वचन ड्रायव्हरच्या काही कामाचं नाही, कारण त्या एका वेळेसाठी ती यादी ठेवावीच लागते.

आणि बॅकएंड (होस्टवर डिव्हाइसचं काम करणारा प्रोग्राम) मध्येच कोसळला तर? क्रम असेल तर यूज्ड इंडेक्स (डिव्हाइस यूज्ड रिंगमध्ये कुठवर पोचलं तो आकडा) पाहायचा आणि तिथून पुढे सुरू करायचं. क्रम नसल्यामुळेच व्हीहोस्ट-यूझरमध्ये (बॅकएंड वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायच्या पद्धतीत) अर्धवट राहिलेल्या बफरांची नोंद वेगळ्या सामायिक मेमरीत ठेवायची सोय करावी लागली. ते लचांड मला परत नको.

रावपुरा रात्रपाळी, रात्री १०:१५

ती पोस्ट माझी. नाव घेऊन बोललास तरी चाललं असतं.

तू ड्रायव्हर लिहितोस, मी होस्टची बाजू सांभाळतो. माझ्याकडून बघ. टीएक्सवर (गेस्टमधून, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधून, बाहेर पाठवायच्या रांगेवर) झिरो-कॉपी आहे, म्हणजे डेटा कॉपी न करता जागेवरूनच जातो. पाकिटातला (नेटवर्क पॅकेटमधला) डेटा गेस्टच्याच मेमरीत बसलाय, आणि समोरचा घेणारा तो वाचत नाही तोवर मला तो बफर परत देता येत नाही. समोर एक मंद गिऱ्हाईक आलं की एक पाकीट अडकतं. त्याच्यामागचे २५५ बफर माझ्याकडे मोकळे होऊन पडलेत, पण क्रमाचा शब्द दिलाय म्हणून परत करता येत नाहीत. गेस्टची २५६ ची रिंग भरली. आता त्या गेस्टमधून कुणालाच काही जात नाही, एका मंद गिऱ्हाइकापायी. पहाटे दोनला फोन मला येतो, ड्रायव्हरवाल्याला येत नाही.

आणि तुझी ती एका नोंदीत ३२ बफरची बढाई. स्पेक (मानकाचा मजकूर) नीट वाच. ज्यांची नोंद लिहिली नाही ते बफर डिव्हाइसने पूर्ण वापरले असं धरायचं, असं त्यात आहे. टीएक्सला चालतं. आरएक्सला (आत येणाऱ्या पाकिटांच्या रांगेला) प्रत्येक पाकिटाची लांबी वेगळी, तिथे प्रत्येक नोंद लिहावीच लागते. किती वाढलं हे तुझ्या पंगतीत कळत नाही, फक्त वाढलं एवढंच कळतं. म्हणजे निम्मा फायदा आजही नाही.

कलाभवन काका, रात्री १०:५०

दोघांनाही सांगतो, नियम सैल करणं हे काही पाप नाही. व्हर्टआयओत ते आधी झालेलं आहे. १.० च्या आधी ब्लॉक डिव्हाइसचं (म्हणजे डिस्कचं) १६ बाइटचं हेडर वेगळ्या डिस्क्रिप्टरमध्येच असायला हवं, शेवटचा स्टेटसचा एक बाइट वेगळ्यातच हवा, असली बंधनं होती. ती गेली. आता ड्रायव्हरने हवे तसे तुकडे करावेत, डिव्हाइसने मांडणीबद्दल काही गृहीत धरू नये. राहिलं ते एवढंच, की साखळीत डिव्हाइसने वाचायचे तुकडे आधी आणि लिहायचे नंतर.

पण त्या सैलपणाचा बोजा डिव्हाइसने उचलला आणि मोकळीक ड्रायव्हरला मिळाली. एक डिव्हाइस सुधारलं की त्यावरचे सगळे ड्रायव्हर सुटले. इथे उलटं आहे. डिव्हाइसला मोकळीक आणि प्रत्येक ड्रायव्हरने यादी ठेवायची. लिनक्सने, विंडोजने, आणि कुणी घरी बसून लिहिलेल्या छोट्या ओएसनेसुद्धा.

माझं जुनं दुखणं वेगळंच आहे. स्पेकमध्ये 'केलंच पाहिजे' लिहिलेलं लोक पाळत नाहीत, आणि मग नियमच वाईट म्हणतात.

सेवउसळ, रात्री ११:०५

काकांनी बरोबर नस पकडली. शब्द कोण पाळतो? आम्ही आमच्या आरटीओएससाठी (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमसाठी) व्हर्टआयओ-नेट, म्हणजे नेटवर्क कार्डाचा, ड्रायव्हर लिहिला, बिट ३५ घेतला. एक्स८६ सीपीयूवर तीन महिने एक तक्रार नाही. एआरएमच्या बोर्डावर नेला आणि डिव्हाइसने क्रम मोडायला सुरुवात केली. साधा पिंग. उत्तर ९८ बाइट, वर १२ बाइटचं हेडर, म्हणजे यूज्ड लांबी ११० यायला हवी. मध्येच १५२६ यायची. मागच्या कुठल्या तरी मोठ्या पाकिटाची. म्हणजे डिव्हाइस जुनी नोंद पुढे करत होतं. असल्या शब्दावर विसंबून यादी काढून टाकायची? मी तर म्हणतो नियम सैल करू नका, काढूनच टाका.

अलकापुरीताई, रात्री ११:२०

दादा, एकच प्रश्न. लांबी चुकायची तेव्हा आयडी कुठला यायचा?

सेवउसळ, रात्री ११:२४

आयडी बरोबर यायचा. दर वेळी. म्हणूनच तर सापडायला तीन आठवडे गेले.

अलकापुरीताई, रात्री ११:४५

मग डिव्हाइसने क्रम मोडलेलाच नाही. क्रम मोडला असता तर आयडी चुकला असता. तुमच्या रिंगमध्ये एका बफरला एक डिस्क्रिप्टर आणि सगळे त्याच क्रमाने परत रिंगमध्ये जात असणार. म्हणजे यूज्ड रिंगच्या ४० व्या घरात प्रत्येक फेरीला आयडी ४० च. तुमच्या सीपीयूने त्या घरातली नोंद इंडेक्सच्या आधी वाचून ठेवली. इंडेक्स नवा मिळाला, नोंद मागच्या फेरीची. आयडी दोन्ही फेऱ्यांना सारखाच, म्हणून तो बरोबर दिसला. लांबी मात्र मागच्या फेरीची आली.

एक्स८६ वर दोन वाचनं मागेपुढे होत नाहीत, एआरएमवर होऊ शकतात. इंडेक्स वाचल्यावर आणि नोंद वाचण्याआधी तुमचा रीड बॅरियर (आधीचं वाचन झाल्याशिवाय पुढचं होऊ न देणारी सूचना) नाहीये. बफरांचा क्रम ही एक गोष्ट, मेमरीतल्या वाचना-लिहिण्याचा क्रम ही दुसरी.

सेवउसळ, रात्री ११:५८

ताई, मी अकरा वर्षं हेच काम करतोय. बॅरियर काय असतो ते मला शिकवायची गरज नाही. लिहिताना बॅरियर आहे, कोड माझ्यासमोर उघडा आहे. दुसऱ्याचा कोड न बघता निकाल द्यायचा ही काय पद्धत झाली?

अलकापुरीताई, रात्री १२:१०

लिहितानाचा आहे असं तुम्हीच म्हणताय. मी वाचतानाचा विचारतेय. अव्हेलेबल इंडेक्स (ड्रायव्हरने कितवा बफर दिला तो आकडा) वाढवायच्या आधीचा वेगळा, यूज्ड इंडेक्स वाचल्यानंतरचा वेगळा. राग आला असेल तर असू दे, पण एक ओळ घालून बघा. आणि उद्या खऱ्या कार्डावर गेलात तर बिट ३६ (डिव्हाइसला जड बॅरियर लागतो हे सांगणारा) सुद्धा बघावा लागेल. डिव्हाइस सॉफ्टवेअरचं असेल तर सीपीयूंच्या आपसातला हलका बॅरियर पुरतो, कार्डाला पुरेलच असं नाही. मी स्वतः यात एक अख्खी दिवाळी घालवली आहे. घरात फराळ चालू आणि मी कागदावर रिंगची घरं काढून प्रत्येक घरात पेन्सिलीने लांबी लिहीत बसले होते. ६४ घरं भरली तेव्हा दिसलं, की चुकलेली प्रत्येक लांबी बरोबर एक फेरी जुनी आहे.

रावपुरा रात्रपाळी, रात्री १२:२५

म्हणजे तुमच्या लाडक्या क्रमाने चूक झाकून ठेवली. आयडी फेरीफेरीला बदलत असता तर पहिल्याच दिवशी चुकीचा बफर सुटला असता आणि ओरड झाली असती. मांडवी, हे तुझ्या शब्दाचं फळ.

मांडवीचा मुक्काम, रात्री १२:४०

काहीही बोलू नकोस. चुकीचा बफर सुटणं म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीवर लिहिणं. त्यापेक्षा लांबी चुकलेली शंभर पटीने बरी. चूक बॅरियरची, बोल इन-ऑर्डरला! रात्री दोनचे फोन तुला येतात हे मान्य, म्हणून प्रत्येक गोष्टीचं खापर ड्रायव्हरवर फोडायचं?

कलाभवन काका, रात्री १२:४५

दोघांनी आवाज खाली. मांडवी, आरएक्सच्या लांबीचा त्याचा मुद्दा खरा आहे. त्याला तू उत्तर दिलेलं नाहीस.

मांडवीचा मुक्काम, रात्री १:०५

नाही दिलं, कारण उत्तर नाही. आरएक्सला एका नोंदीत ३२ मिळत नाहीत, हे मी वर लिहायला हवं होतं. यादी मात्र तिथेही वाचते, तेवढं सोडत नाही.

अलकापुरीताई, सकाळी ८:३०

मला यात एकच खरी अडचण दिसते आणि ती कुणीच बोललं नाही. बिट ३५ अख्ख्या डिव्हाइसचा आहे. नेट डिव्हाइसने तो घेतला की आरएक्स, टीएक्स आणि कंट्रोल, तिन्ही रांगा बांधल्या गेल्या. आरएक्सला क्रम पाळणं सोपं, झिरो-कॉपीच्या टीएक्सला जड. नियम सैल करण्याऐवजी रांगेगणिक का ठरवू नये? जिथे शब्द दिला तिथे तो पूर्ण, जिथे दिला नाही तिथे अजिबात नाही.

सेवउसळ, रात्री ९:१०

बॅरियर घातला. दुपारपासून पिंग चालू आहे, मोठी पाकिटं मधे मधे सोडतोय. चाळीस हजारांच्या वर गेले, एकही १५२६ नाही. ताई, तुमचं बरोबर निघालं. काल मी जरा जास्तच बोललो. डिव्हाइसवाल्यांना मी जे दोन कडक मेल पाठवले होते, ते मागे घ्यायचं पत्र आज लिहिलं.

पण नियम काढा हे माझं म्हणणं अजून आहे. आयडी बरोबर आहे म्हणून मी तीन आठवडे निर्धास्त होतो.

रावपुरा रात्रपाळी, रात्री ९:४०

ताईंचं रांगेगणिक मला चालेल. 'सैल' हा शब्द मागे घेतो, पोस्टसुद्धा दुरुस्त करतो. टीएक्सला बिट नको, आरएक्सला हवा तर घ्या.

मांडवीचा मुक्काम, रात्री १०:००

आणि मग मला काय उरलं? ३२ ची एक नोंद टीएक्सलाच मिळते, हे काल तूच दाखवून दिलंस. आमच्या बॅकएंडमध्ये झिरो-कॉपी नाहीच. पाकीट कॉपी झालं की बफर त्याच क्षणी मोकळा, अडकायला जागाच नाही. तिथे टीएक्सला क्रम पाळायला काहीच लागत नाही आणि फायदा पुरा. रांगेगणिक ठरवायचं असेल तर टीएक्सचा शब्द द्यायचा की नाही हे त्या त्या डिव्हाइसला ठरवू दे. स्पेकने टीएक्सला आधीच नाही म्हणून टाकू नये. एवढं लिहून देत असशील तर या बदलाच्या मसुद्यावर माझं नाव घाल.

रावपुरा रात्रपाळी, रात्री १०:२०

देतो लिहून. पण झिरो-कॉपी चालू असताना टीएक्सचा शब्द देणाऱ्या डिव्हाइसचा फोन मी तुझ्या नंबरवर वळवणार.