घरी केस काढायची यंत्रं खरंच चालतात का? आपापले अनुभव लिहा

रानजाई:
जाहिरातीतली बाई आधीच गुळगुळीत असलेल्या पायावरून यंत्र फिरवते आणि मग पाय किती गुळगुळीत झाला म्हणून हसते. माझी मूळ तक्रार ही आहे. केस होते कुठे, ते आधी दाखवा ना!

भाचीला वॅक्सिंगचा कंटाळा आलाय, तिने मला विचारलं आणि मला एकच यंत्र माहीत आहे, म्हणून हा धागा. कृपया नुसतं 'मस्त आहे' किंवा 'पैसे पाण्यात' लिहू नका. त्वचेचा रंग, केस राठ की लव, अंगाचा कुठला भाग आणि यंत्र सध्या वापरात आहे की कपाटात, एवढं लिहिलंत तर उपयोग होईल. पुरुषांनीही लिहा, लाजू नका.

सुरुवात माझ्यापासून. रंग गहू, केस काळे, पोटऱ्यांवर राठ. एपिलेटर वापरते, बरीच वर्षं. पहिलं 'एपिलेडी' १९८६ साली इस्राएलमधल्या एका किबुत्झमधून, म्हणजे सामूहिक वसाहतीतून, बाजारात आलं. त्यात गरगर फिरणारी वेटोळी स्प्रिंग होती, तिच्यात केस अडकायचा आणि उपटला जायचा. आताच्या यंत्रांत फिरत्या चकत्यांमध्ये बारीक चिमटे असतात. तत्त्व तेच, मुळापासून उपटणे. म्हणजे दुखतं. पहिल्यांदा तर आईच आठवते. पण सवयीने दुखणं कमी होतं, केस परत यायला काही आठवडे लागतात आणि पार्लरवाल्या ताईंच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. केस दोन-चार मिलिमीटर तरी वाढलेले हवेत. त्याहून आखूड असले तर चिमट्यात नीट न धरता अर्धवट तुटतात आणि मग केस कातडीखालीच वळून पुटकुळ्या येतात. आणि कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची. घोट्याच्या हाडाशी आणि गुडघ्यामागे हे जमवताना योगासनं होतात. काखेत एकदा चालवलं, तो विषय तिथेच संपला.

वऱ्हाडी_ठेचा:
मी आयपीएलवाली (इंटेन्स पल्स्ड लाईट), म्हणजे झगमग लाईटवाली. नागपूर. रंग गोरा-गहू, केस काळेकुट्ट आणि जाड. बाप्पा, किंमत ऐकून नवऱ्याने आधी कपाळावर हात मारला, पण पायांवर खरंच काम केलं. आधी वस्तऱ्याने साफ करायचं, मग काच कातडीला टेकवून बटण दाबायचं, सरकवायचं, परत दाबायचं. केस लगेच गळत नाहीत, इथेच अर्ध्या जणी हताश होतात. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, नंतर अंतर वाढवत न्यायचं. काही महिन्यांत पोटऱ्यांवरची वाढ विरळ झाली. पूर्ण गेली नाही, हे लक्षात ठेवा. वापर थांबवला की हळूहळू परत येतात, म्हणून अधूनमधून हात फिरवावाच लागतो.

आता गंमत ऐका. मे महिन्यात दंडावर चालतं आणि मनगटाजवळ चालत नाही! स्कूटर चालवून हात कोपरापासून खाली रापलेला, यंत्राला रंग मोजायचा डोळा असतो, तो नाही म्हणतो. दिवाळीनंतर त्याच हातावर 'हो' म्हणतो. एकाच बाईच्या एकाच हाताला दोन उत्तरं.

निशिगंध:
ठेचाताई, तुमच्या हाताला दोन तरी उत्तरं मिळाली, मला एकच मिळतं. माझा रंग सावळ्याहून गडद. भावाने परदेशातून हौसेने यंत्र आणलं. पायाला लावलं, लाल दिवा. दंडाला लावलं, लाल दिवा. पोटावर, जिथे ऊन कधी पोचलं नाही, तिथेही लाल दिवा. इथे एका दुकानात विचारलं तर मुलगा म्हणतो, 'मॅडम, थोडं दाबून धरा.' दाबून माझा रंग बदलणार आहे का?

रंगांचा तक्ता माहितीपत्रकात आत कुठेतरी असतो, पाचव्या-सहाव्या खान्यावर फुली मारलेली. तो खोक्याच्या दर्शनी भागावर का छापत नाहीत? अर्ध्या महाराष्ट्राचा रंग त्या फुलीच्या आसपास आहे. राग यंत्रावर नाही, लाल दिवा दाखवून त्याने मला भाजण्यापासून वाचवलं. राग त्या गोऱ्यापान पायांच्या चित्रावर आहे.

ओममीटर:
घरात हे यंत्र बायकोचं, दुरुस्तीची खाज माझी, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. आत झेनॉन वायूची नळी असते, जवळजवळ कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखीच. कपॅसिटरमध्ये वीज साठते आणि एका झटक्यात नळीतून जाते. लेझर एकाच तरंगलांबीचा असतो, इथे साधारण पाचशे ते बाराशे नॅनोमीटरपर्यंतचा सगळा पसारा बाहेर पडतो. नळीपुढे फिल्टर असतो, तो अतिनील आणि त्याच्या वरचा बराच भाग अडवतो. अतिस्वस्त, नाव नसलेल्या यंत्रात तो फिल्टर कसा असेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून माझं मत: एपिलेटर स्वस्तातला चालेल, आयपीएल नको.

प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात, मेलॅनिनमध्ये शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि ती मुळाला पोळते. मेलॅनिन कातडीतही असतं. प्रकाशाला दोन्हीत फरक करता येत नाही. निशिगंध, तुमच्या लाल दिव्याचं कारण हेच. आणि म्हणूनच आधी वॅक्स करायचं नाही. मूळच उपटलं तर उष्णता जाणार कुठे?

'तीन लाख फ्लॅश' या आकड्याला फार भुलू नका. दोन पायांना काही शे फ्लॅश लागतात, गणित करा, नातीपर्यंत पुरेल. त्याआधी पंखा नाहीतर अडॅप्टर जातो. आणि हौशी मंडळींनो, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये जोरदार वीज शिल्लक असते. उघडू नका.

ट्यूलिपवाली:
नेदरलँड्समधून. निशिगंधचं वाचून वाईट वाटलं, पण इथली उलटी कथा सांगते. माझ्या ऑफिसातल्या डच मैत्रिणी दुधासारख्या गोऱ्या, त्यांना यंत्र हिरवा दिवा दाखवतं, फ्लॅश मारतं, आणि काहीही होत नाही. केस सोनेरी! शोषायला रंगच नाही. त्या माझ्या काळ्या केसांकडे हेव्याने बघतात, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी. मी ऑक्टोबर ते मार्च वापरते, उन्हाळ्यात इथे सगळे उन्हात लोळतात, मीही. नंतर काही आठवडे यंत्र बंद. तीळ आहेत त्या जागा सोडते, टॅटूवर तर अजिबात नाही.

लिंबूटिंबू:
ते 'क्रिस्टल' घासायचं मिळतं ना, काचेचं, गोलगोल फिरवायचं? पॉलिश पेपर आहे तो. केस कातडीलगत तुटतात, वर थोडी कातडीही जाते. हाताच्या मऊ लवेवर बरं चालतं, नडगीवर दोन दिवस आग. स्वस्त आहे, एवढंच.
एक शंका: वस्तरा फिरवला की केस जाड येतात, असं आजी म्हणते. खरं का?

डॉ_पावसाळी:
लिंबूटिंबू, नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेने १९२८ मध्येच हे तपासून दाखवलं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून खरखरीत लागतं, जाडी तीच. आजीचा बोटांचा अनुभव खरा, निष्कर्ष चुकीचा.

आयपीएलबद्दल दोन गोष्टी. प्रत्येक केस वाढीच्या, ओसरण्याच्या आणि विश्रांतीच्या अवस्थांतून जातो. प्रकाशाचा मार मुख्यतः वाढत्या केसाला लागतो, आणि एका वेळी सगळे केस वाढीत नसतात. म्हणून आठवडे-महिने लागतात, यंत्राचा दोष नाही. दुसरं, खोक्यावरचे शब्द नीट वाचा. 'कायमची घट' आणि 'कायमचं निर्मूलन' वेगळं. घट म्हणजे केस कमी आणि बारीक होणं. गडद त्वचेसाठी दवाखान्यात १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर असतो, तो खोलवर जातो आणि वरच्या रंगद्रव्यात कमी शोषला जातो. निशिगंध, तुमचा मार्ग तिकडून आहे, पण तोही शिकलेल्या हातातच.

गरोदरपणात थांबा. उन्हाने त्वचा जास्त संवेदनशील करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. आणि 'घरबसल्या, वेदनारहित' या शब्दांचा मोह जुनाच आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या सौंदर्यगृहांत चक्क क्ष-किरणांनी चेहऱ्यावरची लव घालवत. लव गेली, पुढे अनेकींना व्रण आणि कर्करोग झाले. त्यामानाने आजची यंत्रं फारच सभ्य आहेत.

कोरी_पाटी:
डॉक्टरांनी एक लिहिलं नाही, ते मी लिहिते, कारण माझ्या हनुवटीवर घडलंय. मला पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनचा त्रास. जबड्याच्या कडेला राठ केस, बाकी गालावर लव. यंत्राची चेहऱ्याची टोपी लावून नियमाने वापरलं. हनुवटीचे राठ केस थोडे दबले, पण शेजारची लव दाट आणि काळी व्हायला लागली. आधी वाटलं आरशाचा दोष. मग जुने फोटो काढून बघितले. त्वचारोगतज्ज्ञांनी ऐकल्याऐकल्या मान डोलावली, म्हणाल्या, प्रकाशाने उलट वाढ होऊ शकते, चेहरा-मानेवर आणि हार्मोनचा त्रास असलेल्या बायकांत जास्त. रक्ततपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. आता चेहऱ्याला साधा बॅटरीवरचा ट्रिमर, लिपस्टिकएवढा, पर्समध्ये. पायांना मात्र तेच आयपीएल वापरते आणि तिथे छान चाललंय.

डबा खाताना ऑफिसातल्या कुणीतरी 'अगं हळद-बेसन लाव' सांगतंच. मी आता 'बरं' म्हणते आणि भाजी वाढून घेते.

डॉ_पावसाळी:
कोरी_पाटी, बरोबर. माझ्याकडून राहिलं. हनुवटीवर अचानक राठ केस आले, पाळी अनियमित असली, तर यंत्राच्या आधी डॉक्टर.

मावळचं_अस्वल:
पुरुषांना बोलावलंय म्हणून आलो. नाव उगाच घेतलेलं नाही. पाठ. ट्रेकनंतर नदीत उतरलो की मित्र 'वनखात्याला कळवा' म्हणतात. लांब दांड्याचा, वाकणारा रेझर मिळतो पाठीसाठी, आरशात उलटं बघत चालवायचा. मध्यभागी एक पट्टा दर वेळी राहतो. बायकोला एपिलेटर चालवायला सांगितलं, तिने विलक्षण उत्साहाने चालवलं, तो उत्साह मला संशयास्पद वाटला. परत नाही.

नाक-कानांचा छोटा ट्रिमर मात्र घ्याच. वडील म्हणतात कानावर केस असलेला माणूस भाग्यवान. मी भाग्य दर रविवारी कापतो.

कोकमसार:
आमचं वेगळंच. आई ऐंशीच्या घरात, हनुवटीवर पाच-सहा पांढरे, तारेसारखे केस. तिला दिसत नाहीत, बोटाला लागतात, दिवसभर चाळा. प्रकाशाची यंत्रं पांढऱ्या केसावर निरुपयोगी, वर ट्यूलिपवालीने लिहिलं तेच कारण. पांढऱ्यासाठी सुईने एकेक मूळ जाळायचं इलेक्ट्रोलिसिस असतं, पण या वयात तिला रत्नागिरीहून त्यासाठी कुठे नेणार? चिमट्याने उपटलं तर कातडी इतकी पातळ की रक्ताचा ठिपका येतो. शेवटी दिवा असलेला चेहऱ्याचा ट्रिमर आणला. खिडकीशी बसवते, फिरवते, संपलं. 'आता कोण बघतंय मला' म्हणते, पण चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी स्वतःच ट्रिमर काढून हातात देते.

रानजाई:
सगळ्यांचे आभार, भाचीला दुवा पाठवलाय. तिचा रंग माझ्यासारखाच, पण रोज उन्हात हॉकी खेळते, म्हणजे ठेचाताईंच्या मनगटाची गोष्ट. तिने एपिलेटर घ्यावा असं माझं मत झालंय. कातडीखालच्या केसांसाठी कुणी काही वापरतं का?

वऱ्हाडी_ठेचा:
आदल्या दिवशी खरखरीत पंचाने हलकं चोळायचं, नंतर एक दिवस घट्ट लेगिंग घालायची नाही. बाकी काही नाही.

लिंबूटिंबू:
निशिगंध, तुमचं ते यंत्र पडूनच आहे ना? विकणार का? मी पांढरीफटक आहे, केस काळे.

निशिगंध:
विकते की! भावाला सांगू नका. ओममीटर, विकताना काय तपासून द्यायचं?

ओममीटर:
काचेला तडा नको, पंखा फिरला पाहिजे, अडॅप्टर मूळचाच द्या. काच मऊ कापडाने पुसा. आणि पहिला फ्लॅश घेणाऱ्याने स्वतःच्या पायावर मारून बघावा, चोवीस तास थांबावं, मग पैसे.

निशिगंध:
चोवीस तास उधारी? पैसे आधी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.